दिवस, रात्र आणि ‘कशावरून?’

‘दिवस व रात्र कां होतात?’ असा प्रश्न कोणत्याही शाळेंत विचारा. ‘पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते म्हणून,’ असें उत्तर सारा वर्ग एका सुरांत देईल. उत्तर बरोबर आहे. पण लगेच ‘हें कशावरून?’ असें विचारलें म्हणजे वर्गांत शांतता पसरते, आणि पुष्कळदां गुरुजींसही ‘पुस्तकांत दिलें आहे’ यापलीकडे कांहीं सांगतां येत नाहीं. बाजारांत बसणारा आमचा वाचक मोठी नोट उजेडाकडे धरून पाहिल्यावांचून गल्ल्यांत टाकीत नाहीं. मग त्याच्याच मुलानें ज्ञान मात्र न पारखतां कां स्वीकारावें?

मुलाच्या डोळ्यांची साक्ष या उत्तराच्या उलट आहे, हें आधीं मान्य केलें पाहिजे. सूर्य पूर्वेस उगवतांना व पश्चिमेस मावळतांना तें रोज पाहतें. पायांखालची जमीन हालल्याचें त्यास कधींच जाणवत नाहीं. ही साक्ष न तपासतां खोटी ठरविली, म्हणजे मूल दोन खातीं ठेवूं लागतें: एक परीक्षेपुरतें व दुसरें मनांतलें. कित्येक मुलें तर दैनिक व वार्षिक गतींची सरमिसळ करून, पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते म्हणून रात्र होते, असें सांगतात.

कांहीं शाळांत दिवा व चेंडू घेऊन प्रयोग दाखवितात. तो अवश्य दाखवावा. चेंडूवर टिकली लावून ती उजेडांत येते व अंधारांत जाते हें मुलांकडूनच करवावें. परंतु न्यायालयांत ज्यास पुरावा म्हणतात तो हा नव्हे. चेंडू स्थिर ठेवून दिवा त्याच्या भोंवतीं फिरविला तरी टिकलीवर दिवस-रात्र होतेच! दोन्ही पक्षांची हकीकत सारखीच जुळते. मग निकाल कोणत्या आधारावर द्यावा? हा प्रश्न मुलांपुढें प्रामाणिकपणें ठेवणें, हेंच खरें अध्यापन होय.

आमच्या देशांत हा वाद नवा नाहीं. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें नावेंतील मनुष्याचा दृष्टांत दिला: पुढें जाणाऱ्यास तीरावरील वस्तू जशा मागें जातांना दिसतात, तसे स्थिर तारे आपणांस पश्चिमेकडे जातांना दिसतात. यावर ६२८ सालीं ब्रह्मगुप्तानें शंका घेतली कीं, पृथ्वी फिरते तर उंच वस्तू कोसळत कां नाहींत? शंका चुकीची ठरली, पण विचारण्याजोगी होती. समगतीनें धांवत्या आगगाडींत वर उडविलेलें नाणें पुन्हा हातांतच पडतें, हें दाखवून आजचा विद्यार्थी तिचें उत्तर देऊं शकतो.

तथापि आर्यभट आपला, म्हणून त्याचें मत खरें, असें म्हणणें हीही पोपटपंचीच होईल. डोळ्यांस दिसणारा पुरावा फूको यानें १८५१ सालीं पॅरिस येथें दिला. उंचावरून टांगलेल्या जड लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळतांना दिसते, कारण खालची जमीनच फिरत असते. दिल्लीच्या नव्या संसद भवनांत २०२३ पासून असा लंबक आहे. तेथें एक फेरा पुरा होण्यास सुमारें ५० तास लागतात. पुण्याच्या अक्षांशावर ही दिशा तासाला सुमारें ५ अंश वळेल, म्हणजे एका तासिकेंत मुलांस फरक स्पष्ट दिसेल. उंच छत, मजबूत तार, जड गोळा व कुशल कारागीर एवढीच त्याची सामग्री. शाळेच्या कमानीवर नांव कोरविण्यासाठीं देणग्या देणाऱ्या आमच्या श्रीमान् व्यापाऱ्यांनीं आपापल्या गांवीं असा एकेक लंबक टांगून द्यावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.

यानें श्रद्धेस धक्का बसेल, अशी भीति कोणी बाळगूं नये. ‘सूर्योदय’ हा शब्द खगोलशास्त्रज्ञही वापरतात, आणि अर्घ्य देणाऱ्याच्या ओंजळींतलें पाणी पृथ्वीच्या फिरण्यानें कमी होत नाहीं. कमी होतो तो आंधळा विश्वास. दहाव्या वर्षीं जें मूल ‘कशावरून?’ म्हणावयास शिकेल, तें मोठेपणीं मत मागणाऱ्यास, माल खपविणाऱ्यास व अफवा पसरविणाऱ्यासही तेंच विचारील. स्वराज्य टिकावयाचें तें अशाच नागरिकांवर. उद्यां त्यानें आमच्या या स्तंभासही तोच प्रश्न केला, तर आम्ही त्याचें स्वागतच करूं.