हे दोघेही क्लबचे मेंबर!

जॉर्ज बेलोजचं बॉक्सिंगचं चित्र दिसलं की लोकांना हटकून 'फायटिंग स्पिरिट' आठवतं. कलेवर लिहिणारी मंडळी तेच जरा बऱ्या शब्दांत सांगतात : रांगडी ऊर्जा, पौरुष, तरुण अमेरिका. माफ करा, पण मला हे साफ नामंजूर आहे.

'स्टॅग ॲट शार्कीज' (१९०९) नीट बघा. लढणाऱ्या दोघांचे चेहरे धड दिसतच नाहीत. दिसतात ती एकमेकांत घुसलेली दोन अंगं. चेहरे आहेत ते रिंगभोवतीच्या बघ्यांचे. काही हसतायत, काही तोंड वासून बसलेत. आणि चित्रकाराने आपल्याला कुठे उभं केलंय? त्यांच्यातच, खाली, अंधारात. बॉक्सिंगमधलं आपल्याला काही कळत नाही, असं बेलोज स्वतःच म्हणायचा. मग हे खेळाचं गुणगान कसं काय बुवा?

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये तिकीट लावून जाहीर लढती भरवायला बंदी होती. पळवाट सोपी : लढत 'खाजगी क्लबात' भरवायची. बघणाऱ्याने पैसे भरून मेंबर व्हायचं आणि लढणाऱ्यालाही तेवढ्यापुरतं मेंबर करून घ्यायचं. टॉम शार्की या माजी बॉक्सरचा असा अड्डा बेलोजच्या स्टुडिओसमोरच होता. 'बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब' (१९०९) हे नाव त्या पळवाटेवरचा टोमणा आहे. एक गोरा, एक काळा. गोरा रक्तबंबाळ होऊन कोसळतोय, आणि दोघेही म्हणे या क्लबचे सन्माननीय सभासद! कसली मेंबरशिप घेऊन बसलात? आपल्याकडच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याच्या टेम्पररी बॅजला याहून जास्त किंमत असते.

याच चित्राचं आधीचं नाव मात्र वेगळं होतं, आणि त्यात काळ्यांसाठीची शिवी होती. हे लपवून बेलोजला संत करायची गरज नाही. डिसेंबर १९०८ मध्ये जॅक जॉन्सन हेवीवेट विजेता झाला होता. तो मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय, आणि गोऱ्या अमेरिकेचा त्यावर जळफळाट चालला होता. एवढं सगळं कॅनव्हासवर असताना आपण 'वा, काय एनर्जी आहे' म्हणून मोकळं व्हायचं?

१९२० मध्ये न्यूयॉर्कात बॉक्सिंगला रीतसर कायद्याचं छत्र मिळालं. मग १९२४ चं 'डेम्प्सी अँड फर्पो' आलं. गुळगुळीत, स्वच्छ, आणि माझ्या मते शार्कीजपेक्षा बरंच थंड. पण एक खोडी त्यातही आहेच. १४ सप्टेंबर १९२३ ची ती लढत डेम्प्सीने दुसऱ्याच राउंडमध्ये जिंकली, आणि बेलोजने मात्र निवडला तो पहिल्या राउंडमधला क्षण. तेव्हा जिद्दीचं पोस्टर हवं असेल तर हे चित्र घेऊ नका राव. यात जिंकणारा दोरांतून बाहेर उताणा पडतोय आणि खालचे बघे त्याला झेलतायत.