कार-टीचे कौतुक, पण रोजच्या औषधाचे काय?



रक्ताच्या कर्करोगावरील नव्या औषधांची चर्चा 'कार-टी' या पेशी-उपचारापासून सुरू होते आणि तिथेच संपते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेली 'नेक्सकार१९' ही कार-टी थेरपी अभिमानाची आहेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झाले. परदेशात काही कोटींचा उपचार इथे तीस-चाळीस लाखांत, असे मथळे झळकले. पण ही मंजुरी पंधरा वर्षांपुढील आणि आजार उलटलेल्या रुग्णांसाठी आहे, हे किती जणांच्या लक्षात आले? मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग नेमका ल्युकेमियाच. शिवाय राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख!

मला त्याहून मोलाचे वाटते ते २०२५ मध्ये फारसा गाजावाजा न होता आलेले 'प्रीव्हॉल'. टाटा मेमोरियलच्या खारघरमधील संशोधन केंद्राने, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकने बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जसोबत ६-मर्कॅप्टोप्युरिन हे जुनेच औषध मुलांसाठी पातळ स्वरूपात आणले. ल्युकेमियाच्या उपचारात मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परतू नये यासाठीच्या, टप्प्यात हे औषध रोज, वर्ष-दोन वर्षे द्यावे लागते. गोळी ५० मिलिग्रॅमची, मूल दहा-बारा किलोचे. मग आई-बाप घरी गोळीचे तुकडे करतात. एकात औषध जास्त, दुसऱ्यात कमी. जास्त गेले तर पांढऱ्या पेशी कोसळतात, कमी पडले तर आजार उलटायची भीती. पातळ औषध सिरिंजने मोजून देता येते. यात चमत्कार काही नाही, म्हणूनच बहुधा मोठी बातमी झाली नाही.

आता ते औषध आमच्या वांगणीसारख्या गावापर्यंत यायला हवे. प्रतिकारशक्ती घटलेल्या पोराला कर्जत लोकलच्या गर्दीतून परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचे, किंवा ठाण्याला गाडी बदलून खारघर गाठायचे; बापाचा रोज बुडतो तो वेगळाच. डोस ठरवायला लागणारी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात का होऊ नये? अहवाल तज्ज्ञांकडे पाठवावा, डोस त्यांनीच ठरवावा, बाटली मात्र इथे मिळावी. कर्करोगाची औषधे अशी वाटणे धोक्याचे, असा आक्षेप येईल. क्षयरोगाची औषधेही साधी नाहीत, तरी ती महिनोन् महिने सरकारी आरोग्य केंद्रांतूनच मिळतात.

राज्याचे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. त्याच्या खरेदीत हे पातळ औषध आहे का, आणि नसेल तर कधी येणार, एवढे आरोग्य खात्याने जाहीर करावे.

– एक औषधविक्रेता, वांगणी (जि. ठाणे)