पायावरची जखम आणि केळ्यावरचे चिलट

वाचकहो, मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसाच्या पायाला जखमेचे नावीन्य नसते. कालवे काढताना खडकावर घासलेली पोटरी, रापण ओढताना तळव्यात रुतलेला शिंपल्याचा तुकडा, शिंगाळ्याच्या काट्याची टोच किंवा चिऱ्याच्या पायरीवर ठेचाळलेला अंगठा, यांची तरुणपणी कोणी दखलही घेत नाही. बहुतेक जखमा थोड्या दिवसांत आपोआप भरतात. तीच जखम सत्तरीतल्या, त्यातही मधुमेह असलेल्या आजोबांच्या पायाला झाली की महिनोन्‌महिने ओली राहू शकते आणि कधी कधी बोट किंवा पाऊल गमावण्याची पाळी येते. हा फरक का पडतो हे उमगले, तर घरातली शुश्रूषाही अधिक डोळसपणे करता येईल. ते उमगण्यात एका क्षुद्र वाटणाऱ्या कीटकाचे मोठे साहाय्य झाले आहे.

हा कीटक म्हणजे जास्त पिकलेल्या केळ्यांवर, फोडलेल्या फणसावर किंवा काजूच्या बोंडांवर घिरट्या घालणारे तांबड्या डोळ्यांचे चिलट. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला म्हणतात आणि मराठी पुस्तकांत त्याचे नाव फळमाशी असे येते. मात्र आपले आंबा बागायतदार जिला फळमाशी म्हणतात, जिच्या अळ्या आंब्यात सापडतात आणि जिच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रक्षक सापळा तयार केला, ती माशी वेगळी व आकाराने मोठी. आपले चिलट जेमतेम तीन मिलिमीटरचे असते. अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्याला सुमारे दहा दिवस पुरतात. माणसाच्या रोगांशी संबंधित असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची भावंडे त्याच्यात आढळतात. म्हणूनच शंभराहून अधिक वर्षे जगभर त्याचा अभ्यास चालू आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९७०च्या दशकात या चिलटावर संशोधन उभे केले. आज पुण्याच्या आयसर संस्थेतही त्याच्यावर काम चालते.

आता जखमेकडे वळू. जखम भरते म्हणजे नेमके काय होते? कडेच्या निरोगी त्वचेतील पेशी जागा सोडून उघड्या भागाकडे सरकू लागतात, रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला धावून येतात आणि नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. या साऱ्या पेशी चालत येतात. ही चाल कशी सुरू होते आणि कशी थांबते, हे पाहण्यासाठी चिलटाच्या मादीचा अंडाशय अतिशय सोयीचा ठरला. तेथे सहा ते आठ पेशींचा एक लहानसा जथा, मधल्या दोन पेशींना सोबत घेऊन, सुमारे सहा तासांत एक-सप्तमांश मिलिमीटर अंतर चालून अंड्यापर्यंत पोहोचतो. हे अंतर आपल्याला नगण्य वाटेल. पेशींच्या मानाने तो लांबचा प्रवास आहे.

या प्रवासाची सूत्रे विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या हाती असतात. त्यांपैकी रॅक नावाचे विकर दिव्याच्या बटणासारखे आहे. जीटीपी हा रेणू त्याला चिकटला की ते चालू होते आणि तोच रेणू तोडून ते स्वतःला बंद करते. पेशीच्या ज्या बाजूस ते चालू असेल, त्या बाजूस पेशी पाऊल पुढे टाकते. अमेरिकेतील डेनिस माँटेल यांच्या गटाने २०१०मध्ये प्रकाश पडताच चालू होणारे रॅक वापरले आणि जथ्यातील एका पेशीवर प्रकाशाचा झोत टाकून साऱ्या जथ्याची दिशा बदलून दाखवली. रॅक बंद पाडले की पेशी जागच्या जागी थांबतात. ते सगळीकडे सतत चालू ठेवले, तरीही त्या नीट चालू शकत नाहीत. चालण्यासाठी ते योग्य ठिकाणी आणि योग्य मापातच चालू असावे लागते.

दुसऱ्या प्रकारची विकरे वाट मोकळी करतात. पेशींभोवती कोलॅजन व इतर प्रथिनांचे जाळे असते. ते कातरणाऱ्या विकरांना एमएमपी म्हणतात आणि त्यांच्या कामाला जस्त लागते. १९६२मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी असे पहिले विकर बेडकाच्या पिल्लांत शोधले. पावसाळ्यात शेतात दिसणाऱ्या बेडूकमाशांची शेपटी विरघळते ती याच विकरांमुळे. माणसात अशी वीसहून अधिक विकरे आहेत आणि एकाचे काम दुसरे उरकून टाकत असल्याने त्यांचा उलगडा कठीण जातो. चिलटात ती दोनच आहेत. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चिलटाच्या अळीतील त्यांपैकी एक विकर निकामी केले, तेव्हा जखमेच्या कडेच्या पेशी तिच्यावर नीट पसरू शकल्या नाहीत. शरीर या विकरांना आवर घालणारी प्रथिनेही तयार करते, कारण कातरी मोकाट सुटली तर जुन्या जाळ्याबरोबर नवे विणकामही कापले जाते.

वयोवृद्ध आणि मधुमेही माणसाच्या जुनाट जखमेत नेमके हेच घडते. तेथे दाह शमत नाही, कातरणारी विकरे प्रमाणाबाहेर साचतात आणि त्यांना आवरणारी प्रथिने अपुरी पडतात. नव्या पेशींना पाऊल ठेवायला भक्कम जमीनच उरत नाही. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी असतो, बधिरतेमुळे दुखणे जाणवत नाही आणि त्या पायावर चालणे चालूच राहते.

म्हणून, वाचकहो, घरी आपले काम इतकेच की या चालत येणाऱ्या पेशींची वाट अडवायची नाही. जखम प्रथम स्वच्छ वाहत्या पाण्याने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी आणि स्वच्छ पट्टीने झाकावी. ती मोकळी ठेवून कोरडी करण्याचा आग्रह नको. किंचित ओलसर पृष्ठभागावर पेशी सहज सरकतात. चुना, तंबाखू, मशेरी, राख किंवा वाटलेला झाडपाला जखमेत भरू नये.

फेस आणणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडविषयी थोडे अधिक सांगायला हवे. जखम होताच कडेच्या पेशींतील एक विकर अत्यल्प प्रमाणात हाच पदार्थ तयार करते आणि त्या हाकेने संरक्षक पेशी धावून येतात. २००९मध्ये माशांत आणि पुढच्याच वर्षी चिलटात हे दिसून आले. पण शरीर ज्याचा कण वापरते, ते बाटलीतून रोज ओतले की नव्या कोवळ्या पेशी मरतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते, स्पिरिट किंवा पाणी न मिसळलेली जंतुनाशके जखमेत घालू नयेत.

तळव्याला जखम असेल तर त्या पायावर भार टाकू देऊ नये. हा नियम मलमाइतकाच महत्त्वाचा आहे. रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी. धूम्रपान व तंबाखू बंद करावी. विकरे आणि जाळे दोन्ही प्रथिनांचीच असतात, म्हणून पानात बांगडा, तारली, अंडे, डाळ किंवा कुळथाची पिठी यांपैकी काही रोज असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. रात्री झोपण्यापूर्वी ज्येष्ठांचे तळवे व बोटांमधल्या फटी उजेडात पाहाव्यात. ज्यांना वाकता येत नाही, त्यांनी आरसा जमिनीवर ठेवून पाहावे. चपला घालण्यापूर्वी त्या झटकाव्यात आणि मधुमेह्यांनी अंगणातच काय, घरातही अनवाणी फिरू नये.

मधुमेह्याच्या पायाची जखम कितीही लहान असली तरी ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. समुद्राच्या पाण्यात झालेल्या जखमेची विशेष काळजी घ्यावी. त्या पाण्यातील काही जंतू मधुमेही व यकृताचा विकार असलेल्या माणसांत काही तासांतच गंभीर रूप धारण करू शकतात. लाली पसरणे, सूज, फोड, काळपटपणा, दुर्गंधी, ताप किंवा जखमेच्या मानाने फार जास्त वेदना, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. इतर ज्येष्ठांची जखमही दोन आठवड्यांत लहान होताना दिसली नाही, तर पुन्हा तपासून घ्यावी.

ज्येष्ठ मंडळी बहुधा आपले दुखणे सांगत नाहीत. बधिर पायाला तर ते कळतही नाही. म्हणून त्यांनी सांगण्याची वाट पाहू नका. आज रात्री दिवा जवळ घ्या आणि त्यांचे पाय स्वतः पाहा.