सदाफुलीचे औषध आणि रुग्णाचे मौन

आपल्या अंगणातील सदाफुली, आमच्या तेलुगू शेजाऱ्यांची बिळ्ळगन्नेरू, हिच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध निघते. रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर ते साठ वर्षांहून अधिक काळ शिरेतून दिले जात आहे. ते आपल्या देशात तयार व्हावे म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ज्यांनी परिश्रम केले, ते डॉ. ए. व्ही. रामाराव पुढे १९८५ साली येथील तारनाक्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. ह्या नात्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु घरात हे औषध सुरू झाल्यावर काय पाहावे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

केस गळतात, ह्याचीच धास्ती सर्वांना अधिक. वास्तविक ते बहुधा पुन्हा उगवतात. ह्या औषधाचा खरा आघात मज्जातंतूंवर होतो. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, सदऱ्याचे बटण लावता येत नाही, पायातली चप्पल निसटते, चालताना पाऊल लोंबते. क्वचित जबडा दुखतो, आवाज घोगरा होतो. आतड्यांचे तंतूही मंदावतात. बद्धकोष्ठ होऊन पोट फुगले, दुखू लागले वा उलट्या झाल्या, तर घरगुती जुलाब देत बसू नये, रुग्णालय गाठावे. पहिल्या दिवसापासून पोट साफ राहण्याचे औषध घ्यावे काय, हे डॉक्टरांस आधीच विचारावे. उपवासकाळ असला तरी अशा रुग्णास धर्मसभा उपवासाचे बंधन घालीत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

सुई चालू असता त्या जागी आग झाली वा सूज आली, तर तत्क्षणी परिचारिकेस सांगावे. औषध शिरेबाहेर गेले तर मांस जळते. सोबतच्या इतर औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा ताप आला की सकाळची वाट पाहू नये. बुरशीवरच्या काही गोळ्यांनी ह्या औषधाचे विष वाढते, सबब दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास हे चालू आहे असे आवर्जून सांगावे.

आपले दुःख प्रभूला अर्पण करा, असे आम्ही धर्मगुरूच वेदीवरून सांगतो. त्याचा अर्थ काही सोशिक माता असा घेतात की, मुंग्यांची कुरकुर करणे म्हणजे क्रूस नाकारणे. हा अर्थ आम्हांस मान्य नाही. मुंग्या वाढत आहेत हे कळले, तरच डॉक्टर मात्रा कमी करतात वा एखादी सुई पुढे ढकलतात. न कळल्यास इजा खोल जाते आणि ती भरून यावयास कित्येक महिने लागतात, कधी ती पुरती भरतही नाही. उलटपक्षी, त्रासाला भिऊन कोणास न सांगता उपचार सोडणेही तितकेच घातक.

आणखी एक. औषध सदाफुलीचे म्हणून तिच्या पानांचा काढा करून पिणारे आढळतात. पानात विष किती हे कोणास मोजता येत नाही. तो काढा रुग्णास मुळीच देऊ नये.