दगड आपला, पण पाणी कोणाचं?

आपल्या अमरावती-अकोल्याला समुद्र नाही. त्यामुळे समुद्रातल्या पवनचक्क्या आणि समुद्राच्या तळाखाली गाडलेला कार्बन हे विषय आपल्याला सेमिनारपुरतेच! नेटवरून चित्रं घ्यायची, वीस स्लाइड करायच्या आणि टाळ्या घेऊन खाली बसायचं. पण या विषयाचा एक धागा थेट आपल्या पायाखालच्या काळ्या दगडापर्यंत येतो, म्हणून हा लेखप्रपंच.

सेमिनारमध्ये नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीचं नाव हमखास असतं. ही मूळची तेल कंपनी. १९९६ पासून ती स्लाइपनर या क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडते. २०१७ मध्ये तिने स्कॉटलंडजवळ ३० मेगावॅटच्या तरंगत्या पवनचक्क्या सुरू केल्या. शेल आणि टोटल एनर्जीज यांच्यासोबतच्या तिच्या 'नॉर्दर्न लाइट्स' प्रकल्पात ऑगस्ट २०२५ पासून दुसऱ्यांच्या कारखान्यांचा कार्बनही गाडला जातो. काम मोठं आहे, वादच नाही.

पण दोन गोष्टी स्लाइडवर येत नाहीत. पहिली म्हणजे नॉर्वेने १९९१ मध्येच कार्बनवर कर लावला होता. हवेत सोडण्यापेक्षा गाडणं स्वस्त पडलं, म्हणून गाडला. दुसरी म्हणजे याच कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये अक्षय ऊर्जेवरचा नियोजित खर्च कमी केला आणि तेल-वायूचं उद्दिष्ट वाढवलं. कंपनी हिशेबाने चालते, त्यात नवल नाही. मग हिशेब आपणही करायला नको का?

आता आपल्या दगडाकडे येऊ. आपण बेसॉल्टवर राहतो. कोयना परिसरात संशोधनासाठी घेतलेल्या खोल विवरात बेसॉल्टचे थर सुमारे १२४७ मीटरपर्यंत लागले. या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड त्यात सोडला की त्याचा खनिज दगड होतो. विहीर खणताना काळ्या दगडात पांढऱ्या गारा निघतात ना, त्यातल्या काही कॅल्साइटच्या असतात. तेच काम निसर्गाने सावकाश केलेलं! आइसलंडच्या 'कार्बफिक्स' प्रयोगात ९५ टक्क्यांहून जास्त कार्बन दोन वर्षांच्या आत दगड झाला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात भारतातल्या बेसॉल्टची क्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन धरली आहे. वाचून छाती फुगते. वऱ्हाडात कापसानंतर ही दुसरी काळी दौलत!

पण जरा कॅल्क्युलेटर काढा. पारसचं औष्णिक केंद्र ५०० मेगावॅटचं. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे दिवसाला १२ हजार टन. आइसलंडच्या त्या केंद्रात बरीच वर्षं वर्षभरात जेवढा गाडला जायचा, जवळपास तेवढा पारसचा एका दिवसाचा! नॉर्दर्न लाइट्सच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १५ लाख टन. पारसचा वर्षाचा हिशेब ४० लाखांच्या वर जातो.

आणि पाणी? कार्बफिक्स पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं. पारससाठी दिवसाला तीन लाख टन, म्हणजे तीस कोटी लिटर. अकोल्याला पाणी पाजणाऱ्या काटेपूर्णा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८६ दशलक्ष घनमीटर. तुडुंब भरलेलं धरण साडेनऊ महिन्यांत संपलं! नांदगाव पेठचा औष्णिक प्रकल्प तर १३५० मेगावॅटचा. त्याला अप्पर वर्धाचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा अमरावतीत शेतकरी रस्त्यावर उतरले होते, ते मोठ्यांना आठवत असेल.

आमचं शेत बाळापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. बाबांना हा हिशेब सांगितला तर ते एवढंच म्हणाले, "धूर गाडाले पानी हाये, अन् हरभऱ्याले नाही? वा रे बावा!" याला माझ्या कोणत्याही स्लाइडवर उत्तर नाही.

कोणी म्हणेल, खारं पाणी वापरा. प्रश्न चांगला आहे. समुद्राच्या पाण्यावर प्रयोग झालेत. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू पाण्यात न विरघळवताच बेसॉल्टमध्ये सोडला आणि त्याचीही खनिजं झाली. पण धुरातून कार्बन वेगळा काढायलाच केंद्राची पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त ऊर्जा खर्ची पडते, ती कुठून आणायची? तेवढ्यासाठी आणखी कोळसा जाळायचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात!

माझं मत स्पष्ट आहे. हा दगड राखून ठेवा, सिमेंटसारख्या उद्योगांसाठी. तिथे चुनखडी भाजतानाच कार्बन सुटतो, त्याला दुसरा इलाज सोपा नाही. विजेला मात्र इलाज आहे. समुद्री पवनऊर्जेसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये ७४५३ कोटी मंजूर केले, पण त्यातले पहिले १००० मेगावॅट गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी. आपल्याकडे समुद्र नाही, पण मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन आहे! शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आणि ऊनही दिवसाच असतं. 'पुढे कार्बन गाडूच की' या भरवशावर आज नवा कोळसा पेटवणं म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

पारसच्या नोकऱ्यांवर आपल्यातल्या कित्येकांची घरं चालतात, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर हे काम हळूहळू, पण आत्ताच सुरू व्हायला हवं. सिव्हिलवाल्यांनी खारपाणपट्ट्याखालचा बेसॉल्ट अभ्यासावा, केमिकलवाल्यांनी खाऱ्या पाण्यावर प्रोजेक्ट घ्यावा. दरवर्षी तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम किती दिवस? आणि पुढच्या वेळी एखादी कंपनी कॅम्पसला येऊन हिरवी चित्रं दाखवेल, तेव्हा हात वर करून तीन प्रश्न विचारा: किती टन? किती पाणी? मोजणार कोण?

प्लेसमेंटचं काय होईल, असं म्हणता? अहो, हिशेब विचारणारा इंजिनीअर नको असेल, तर त्या कंपनीत जाऊन तरी काय करायचं!