कर्णावाचून मोजणी

चौकोनी शेताच्या समोरासमोरील बाजूंची सरासरी काढावी आणि दोन सरासऱ्यांच्या गुणाकारास क्षेत्रफळ मानावे, हा हिशेब फार पुरातन आहे. इजिप्तमधील एडफूच्या मंदिरावरील लेखांत जमिनीची क्षेत्रफळे याच रीतीने दिली आहेत. त्रिकोणी तुकड्याची चौथी बाजू तेथे शून्य धरली आहे. ब्रह्मगुप्तानेही इ. स. ६२८ मध्ये ही रीत नोंदविली; मात्र तिला ‘स्थूल’ म्हणून सूक्ष्म फळाची रीत वेगळी सांगितली.

स्थूल रीत चुकते एवढाच तिचा दोष नव्हे. ती सदैव एकाच दिशेने चुकते. कोन काटकोन नसले की क्षेत्र वाढूनच येते. साहजिकच विकणाऱ्याचा लाभ होतो आणि घेणाऱ्याचा तोटा. चारही बाजू २०० फूट असलेले शेत या हिशेबाने ४०,००० चौरस फूट भरते. त्याचा एक कर्ण २४० फूट असेल, तर खरे क्षेत्र ३८,४०० चौरस फूटच असते. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा; म्हणजे जवळजवळ दीड गुंठा केवळ कागदावर विकला जातो.

यावर उपाय साधा आहे. कर्ण मोजला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार ठरतो. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनचे सूत्र येथे कामी येते. परिमितीची निमपट घ्यावी, तीतून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करावी, त्या तीन बाक्या व निमपट यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढावे. चौकोन मात्र केवळ बाजूंनी ठरत नाही. कर्ण वा लंब न सांगता त्याचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यास भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त खडे बोल सुनावले आहेत.

सरकारी मोजणी असताना सामान्याने हे का शिकावे, असा आक्षेप येईल. परंतु मोजणीचा नकाशा हाती पडल्यावर तो पडताळता न येणारा खातेदार दुसऱ्याच्या शब्दावरच विसंबून राहतो. आपले विद्यार्थी हे सूत्र पाठ करतात, गुण मिळवितात आणि विसरतात. शाळेचे पटांगण दोरीने मोजून त्याचे त्रिकोण पाडण्यास एक तासिका पुरेल. जमीन हीच ज्यांची एकमेव मत्ता, त्यांच्या मुलांना ती तासिका नाकारणे परवडणारे नाही.