काळांचे पाढे

"आधी सब्जेक्ट, मग हॅड बीन, मग क्रियापदाला आयएनजी." दहावीतल्या भाचीनं एका दमात म्हणून दाखवलं. बाराच्या बारा काळ, पाढ्यांसारखे. राजूरला गेलो की हा कार्यक्रम असतोच. (राजूर म्हणजे आमचं गणपतीचं, जालना-भोकरदन रस्त्यावरचं. अकोले तालुक्यातलं ते वेगळं.) मामा पुण्यात आयटीत आहे म्हटल्यावर पोरांचं इंग्रजी तपासणं हे त्याचं ठरलेलं काम.

वहीत पुढच्या पानावर एका प्रसिद्ध चित्राचं वर्णन होतं. मोनालिसा. क्लासच्या सरांनी उतरवून दिलेल्या दहा ओळी, त्याही तोंडपाठ. मी विचारलं, "त्या बाईच्या मागे काय दिसतंय गं?" ती नुसती बघत राहिली. कारण चित्र तिनं पाहिलेलंच नव्हतं! वहीत नाही, फळ्यावर नाही. मोबाईलवर दाखवलं तेव्हा अर्ध्या मिनिटात म्हणाली, "मामा, हिला भुवया कुठायत?" मग मागचा वळणाचा रस्ता दिसला, पूल दिसला. हे सगळं अर्थातच मराठीत. दहा ओळींत यातलं काहीच नव्हतं.

म्हणजे काय तर न पाहिलेल्या चित्राचं वर्णन आणि कधीही न वापरलेले काळ. याला आपण इंग्रजी शिकवणं म्हणतो आणि वर त्याची फी भरतो.

राग त्या एका क्लासवर नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या निर्णयानंतर शाळेत गेलेल्या पिढीतला मी. त्यातले बरेचजण आज माझ्यासोबत रोज सकाळी क्लायंटच्या कॉलवर बसतात, आणि काय बोलतात? "आय हॅव फिक्स्ड इट यस्टरडे." बारा काळांचा तक्ता सगळ्यांनी घोकलाय, तरी हे वाक्य मरत नाही. क्लायंटला व्याकरणाशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त कळायला हवं असतं की काम झालंय, चाललंय की होणार आहे. आमच्या धंद्यात या तीन उत्तरांत पैशांचा फरक आहे.

आता ही चूक येते कुठून? सरळ मराठीतून! "मी काल आलोय" हे आपल्याकडे चोख वाक्य आहे. इंग्रजीत मात्र हॅव आणि यस्टरडे एका वाक्यात नांदत नाहीत. हॅव आलं की नजर आत्तावर असते: झालेल्या गोष्टीचं आज काय उरलंय. काल म्हटलं की ती गोष्ट कालातच ठेवायची. तसंच "करतो" चं. मी रोज करतो, तेही करतो. आणि साहेबांनी काम सांगितल्यावर "करतो" म्हणतो, ते वचन. घरातून निघताना आपण "येतो" म्हणतो, तेव्हा तर चक्क जात असतो :) म्हणून मग "आय डू इट" असं उत्तर जातं आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. हा फरक मराठीतून समजावला तर एका तासाचं काम आहे. तक्त्यात तो कुठंच दिसत नाही, कारण तक्ता मराठी पोरांसाठी बनलेलाच नाही.

आणि चित्रच हवं असेल तर पॅरिसला कशाला जायचं? राजूरहून भोकरदन, सिल्लोड करत गेलं की अजिंठा. १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा झाला, तोवर राजूर आणि अजिंठा एकाच जिल्ह्यात होते. तिथं सोळाव्या लेण्यात एक चित्र आहे, 'मरणोन्मुख राजकन्या' नावानं प्रसिद्ध. खरं तर ती मरत नाहीये. अभ्यासक ती सुंदरी असल्याचं मानतात, बुद्धाचा सावत्रभाऊ नंद याची बायको. नंद भिक्षू झाला आणि सेवक त्याचा मुकुट परत घेऊन आला. ते कळून ती कोसळतेय, मान कलली आहे, डोळे मिटत आलेत, दासी तिला सावरतेय. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्यात नंद घरातून निघतो तेव्हा सुंदरीला शब्द देतो की तुझ्या चेहऱ्यावरचा रंग ओला आहे तोवर परत येतो.

आता बघा. शी इज फेंटिंग, हे समोर चाललंय. नंद हॅज लेफ्ट, तो गेलाय, आणि म्हणूनच ती अशी दिसतेय. ही हॅड प्रॉमिस्ड, शब्द दिला होता, जाण्याच्याही आधी. ही विल नॉट कम बॅक. चार काळ, एक बाई, आणि एकही सूत्र नाही. गेला, गेला आहे, गेला होता हे राजूरच्या पोरीला जन्मापासून येतं. तेवढ्यावर हॅड आणि हॅज चढवायचे, बास.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, इंग्लिश मीडियमला घाला, प्रश्न मिटला." मिटत नाही. तिथंही तीच गाईड, त्याच दहा ओळी, फक्त फी जास्त. माझ्या टीममध्ये यस्टरडेवाले दोन्हीकडचे आहेत.

दुसरं उत्तर क्लासवाल्यांचं: परीक्षेला सूत्रच लागतं, वेळ नसतो. लागत असेल, द्या सूत्र. पण शेवटच्या आठवड्यात द्या, उजळणीला. जूनमध्ये पहिल्या तासाला फळ्यावर चित्र लावा, एका रंगीत प्रिंटचा खर्च आहे, आणि पोरांना आधी मराठीत बोलू द्या. भुवया कुठायत ते त्यांना बरोबर दिसतं.